नळाच्या पाण्याला वास येतोय? टाकीत पावडर टाकण्याआधी हे करा

वळवाचे दोन पाऊस झाले की आमच्या बेळगावच्या वडगाव-खासबाग भागात घरोघरी एकच तक्रार सुरू होते: पाण्याला वास येतोय. पुढचंही ठरलेलं असतं. कुणी टाकीत मूठभर ब्लीचिंग पावडर टाकतो आणि वास आणखी उग्र होतो. कुणी अख्खी टाकी उपसून धुतो, चार दिवसांनी वास परत. कुणी महागडा फिल्टर आणून स्वयंपाकघरात बसवतो आणि न्हाणीघरातला वास तसाच राहतो. मेहनत सगळे करतात, पण क्रम चुकतो. वास नेमका कुठे शिरला हे शोधायचं काम सगळ्यात आधी करायचं असतं आणि तेच वगळलं जातं.

बेळगाव शहराचं पाणी राकसकोप आणि हिडकलचं, खानापूरला मलप्रभेचं, निपाणीकडे वेदगंगेचं, आणि खेड्यांत बहुतेक ठिकाणी बोअरचं. शेजारच्या गावात लागू पडलेला उपाय तुमच्या घरी लागू पडेलच असं नाही. शोधायची पद्धत मात्र सगळीकडे तीच आहे.

टप्पा १: तयारी

पाणी सुटायच्या आदल्या दिवशीच सामान हाताशी ठेवा. नळ आल्यावर धावपळ केली तर सगळ्यात महत्त्वाचा नमुना, म्हणजे अगदी पहिलं पाणी, हातचा जातो.

झाकणाच्या पाच काचेच्या बाटल्या लागतील. जॅमच्या चालतील, लोणच्याच्या नकोत. लोणच्याचा वास झाकणात मुरलेला असतो आणि तो गरम पाण्यानेही जात नाही. बाटल्या गरम पाण्याने धुऊन उन्हात पालथ्या घाला, साबण लावला तर तीन-चार वेळा खळबळून घ्या. सोबत चिकटपट्टी आणि पेन, बॅटरी, प्लॅस्टिकच्या दोन बादल्या, लांब दांड्याचा मऊ ब्रश, रबरी हातमोजे आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा.

ब्लीचिंग पावडर सीलबंद पाकिटातली घ्या आणि पाकिटावरची तारीख बघा. ताज्या चांगल्या पावडरीत क्लोरीन ३० टक्क्यांच्या वर असतं, पण पाकीट उघडं राहिलं की ते उडून जातं. गोळे झालेली, नाकाला न झोंबणारी पावडर म्हणजे नुसता चुना. पोत्यातली सुटी पावडर स्वस्त मिळते, ती घेऊ नका.

शक्य असेल तर क्लोरोस्कोप मिळवा. पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंगावरून क्लोरीन किती आहे ते दाखवणारी ही छोटी पेटी असते. खेड्यात ग्रामपंचायतीच्या वॉटरमनकडे किंवा आशा कार्यकर्तीकडे विचारा. थेंब टाकलेलं पाणी पिऊ नका, मोरीत ओता.

टप्पा २: पिण्याचं पाणी आधी वेगळं करा

शोध पूर्ण व्हायला दोन दिवस लागू शकतात. तोवर वासाचं पाणी पोटात जाता कामा नये. पिणं, दात घासणं, चूळ भरणं, भाजी-कोशिंबीर धुणं आणि बाळाची बाटली धुणं, ही पाचही कामं वेगळ्या पाण्यावर न्या. लोक पिण्याचं पाणी उकळतात आणि दात त्याच नळावर घासतात. ही चूक मी कितीतरी घरांत पाहिली आहे.

वास गटाराचा, कुजका किंवा मातकट असेल तर पाणी खळखळून उकळू द्या. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तशीच राहू द्या, गढूळ पाणी असेल तर आधी स्वच्छ दुपदरी फडक्यातून गाळून मग उकळा. उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून निववा. वासाच्या पाण्यानेच धुतलेल्या कळशीत ते ओतलं तर सगळी मेहनत वाया जाते.

सावधान: रॉकेल, पेट्रोल, रंग किंवा शेतातल्या फवारणीच्या औषधाचा वास असेल तर पाणी उकळून वापरू नका. उकळल्याने ही रसायनं भरवशाने जात नाहीत आणि वाफ घरभर पसरते. त्या पाण्याने आंघोळही नको. दुसरीकडून पाणी आणा आणि थेट टप्पा ६ वर जा.

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तांब्याच्या कळशीत ठेवल्याने गटाराचं पाणी पिण्याजोगं होत नाही. ही सवय जुनी आणि प्रेमाची असली तरी ती इथे पुरत नाही.

टप्पा ३: वास पाण्याला आहे की मोरीला?

या परीक्षेला दोन मिनिटं लागतात आणि ती न केल्यामुळे टाक्या विनाकारण उपसल्या जातात. काचेचा ग्लास नळाखाली भरा, घराबाहेर अंगणात किंवा गच्चीवर जा आणि तिथे ग्लास हलवून वास घ्या. बाहेर वास येत नसेल तर पाणी बरं आहे, वास मोरीतून येतो आहे.

मागच्या वर्षी आमच्याच घरी वरच्या मजल्याच्या न्हाणीघरात सडक्या अंड्यासारखा वास सुटला होता. मी टाकी दोनदा धुतली, तिसऱ्या वेळी प्लंबरने जमिनीवरची जाळी उचलली आणि आतला नहाणी ट्रॅप दाखवला. कोरडा ठणठणीत. या ट्रॅपच्या वाकात सदैव थोडं पाणी साचून राहायला हवं, तेच गटारातला वायू अडवतं. मुलं पुण्या-बेंगळुरूला गेली, वरचं न्हाणीघर महिनाभर बंद राहिलं, की ते पाणी आटतं. नळ सोडला की वाहत्या पाण्याबरोबर वर येणारी हवा नाकाशी लागते आणि दोष पाण्याला जातो.

उपाय: जाळी काढून केस आणि साबणाचा थर साफ करा, बादलीभर पाणी ओता. न्हाणीघर बंद ठेवायचं असेल तर वर दोन चमचे गोडेतेल सोडा, पाणी लवकर आटत नाही. सिंकखालचा बॉटल ट्रॅप उघडून त्यातला गाळही काढा.

नळाच्या तोंडाची जाळीही याच वेळी फिरवून काढा. तिच्यात चिकट काळपट थर साचतो आणि एकाच नळाला वास यायचं ते नेहमीचं कारण आहे. व्हिनेगरच्या पाण्यात तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासून परत बसवा.

तपासा: ग्लासला अंगणातही वास येतो का? येत असेल तरच पुढे जा.

टप्पा ४: पाच बाटल्या

चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या घरात पाणी चार ठिकाणी थांबत थांबत येतं: रस्त्याची लाईन, घराचं कनेक्शन, अंगणातला संप म्हणजे जमिनीखालची टाकी, आणि गच्चीवरची टाकी. वास या साखळीत कुठे सुरू होतो ते बाटल्या सांगतात. प्रत्येक बाटलीवर आकडा, तारीख आणि वेळ लिहा.

बाटली १: पाणी सुटल्याबरोबर, संपात पडायच्या आधीच्या पहिल्या नळातून. अगदी पहिला फवारा.
बाटली २: त्याच नळातून पंधरा मिनिटांनी.
बाटली ३: संपातलं, नवं पाणी पडायच्या आधी काढून ठेवलेलं.
बाटली ४: गच्चीच्या टाकीवरून येणाऱ्या स्वयंपाकघराच्या नळातून.
बाटली ५: गिझरचं गरम पाणी. भरून, झाकून, पूर्ण निवू द्या.

बाटली पाऊण भरा आणि झाकण लावा. अर्ध्या तासाने दुसऱ्या खोलीत नेऊन जोरात हलवा, झाकण उघडा आणि लगेच वास घ्या. दोन बाटल्यांमध्ये मिनिटभर मोकळ्या हवेत थांबा. नाक पटकन सरावतं, म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसालाही आकडे न सांगता वास घ्यायला लावा. पाणी उजेडात धरून रंग आणि तरंगणारे कणही बघा. चव घेऊन बघायची नाही.

आता वाचन. फक्त १ ला वास आणि २ स्वच्छ, तर बंद काळात कनेक्शनच्या पाईपमध्ये बाहेरचं काहीतरी शिरतंय किंवा तिथलं साचलेलं पाणी येतंय. १ आणि २ दोन्हींना वास, तर दोष रस्त्याच्या लाईनमध्ये किंवा त्याही मागे. १ आणि २ स्वच्छ पण ३ ला वास, तर संप. ३ पर्यंत ठीक आणि ४ ला वास, तर गच्चीची टाकी किंवा तिथून खाली येणारे पाईप. फक्त ५ ला, तर गिझर.

थांबा: बाटली १ आणि २ फेकू नका. झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, तक्रारीच्या वेळी लागतील.

टप्पा ५: वास कसला आहे?

जागा कळली, आता प्रकार.

सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो. पाणी हवेशिवाय साचून राहिलं की काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून तो बनवतात. खोल बोअर, तळाला गाळ बसलेला संप आणि गिझर ही त्याची नेहमीची घरं. पाण्यात जितका असतो तितक्याने सहसा विषबाधा होत नाही, पण बंद संपात तोच वायू साचला तर जीव घेऊ शकतो. त्याबद्दल टप्पा ७ मध्ये.

मातकट, ओल्या मातीसारखा वास उन्हाळ्याच्या अखेरीस येतो. जलाशयात पाणी कमी उरतं, ऊन तापतं, शेवाळ आणि काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तोही याचाच. एका लिटरमध्ये एक ग्रॅमचा दहा कोटीवा भाग असला तरी माणसाचं नाक तो पकडतं. एरवी पाणी नितळ असेल तर हा वास अपायकारक नाही. उकळल्याने तो फारसा जात नाही, कोळशाच्या म्हणजे कार्बनच्या फिल्टरने जातो.

दवाखान्यासारखा, नाकाला झोंबणारा वास क्लोरीनचा. पावसाच्या सुरुवातीला गढूळ पाणी येतं तेव्हा शुद्धीकरण केंद्रात डोस वाढवतात. घरच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं भारतीय मानक सांगतं, तेव्हा थोडा वास येणं हे पाणी राखलं जात असल्याचं लक्षण आहे. पाणी उघड्या भांड्यात, फडकं बांधून चार-पाच तास ठेवलं की वास उतरतो. उलटी गोष्ट जास्त काळजीची: नेहमी क्लोरीनचा वास येणाऱ्या नळाला एक दिवस तो अजिबात येत नाही आणि पाणी किंचित गढूळ आहे. अशा दिवशी पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

लोखंडी, रक्तासारखा वास आणि बादलीच्या तळाला तांबूस थर म्हणजे लोह. खानापूर भागातल्या तांबड्या जांभा मातीतल्या बोअरना हे साहजिक आहे. जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाईप आतून गंजले तरी असंच होतं. प्लॅस्टिकचा वास नव्या टाकीला किंवा नुकत्याच चिकटवलेल्या पाईपांना येतो, दोन-तीनदा भरून सोडून द्या, जातो. मेलेल्या जनावराचा गोडसर कुजका वास आला तर थेट टाकीचं झाकण उघडा. पाल, उंदीर, कबुतराचं पिल्लू, काहीही निघतं.

आणि गटाराचा वास. शौचाचा, सांडपाण्याचा, शिळ्या भांड्यांसारखा. हा एकच वास असा आहे की त्यावर एक तासही वाट बघायची नाही. गॅस्ट्रो आणि टायफॉईड यातून येतात, आणि कावीळ तर पाणी प्यायल्यावर दोन आठवड्यांनी ते दोन महिन्यांनी दिसते, तोवर पाणी स्वच्छ झालेलं असतं आणि कुणाला आठवतही नाही. घरात गरोदर बाई असेल तर दुप्पट काळजी घ्या. पाण्यातून पसरणारी हेपटायटिस ई ही कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते.

टप्पा ६: दोष बाहेरच्या लाईनचा असेल तर

आपल्याकडे गटाराचं पाणी नळात का येतं हे समजून घेणं जरुरीचं आहे, कारण बरेचदा ते आपणच ओढून घेतो.

पाणी चालू असताना पाईपमध्ये दाब असतो, तडा असेल तर पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं की पाईप रिकामा होतो, आत ओढ तयार होते, आणि त्याच तड्यातून आजूबाजूचं पाणी आत शिरतं. घराचं कनेक्शन बहुतेक गल्ल्यांत गटार ओलांडून येतं. जीआय पाईप गटारात बुडून असेल तर काही वर्षांत गंजतो. पुढच्या खेपेला सुटणाऱ्या पहिल्या पाण्यात मग गटार असतं. चोवीस तास दाब असलेल्या लाईनीत ही भीती कितीतरी कमी असते.

यात भर पडते मोटरची. पाणी कमी दाबाने येतं म्हणून नळाला थेट मोटर लावली जाते. ती पाणी ओढते तेव्हा रस्त्याच्या पाईपमध्ये ओढ निर्माण होते आणि गल्लीतल्या जिथे जिथे तडा आहे तिथून गटार आत येतं. एकाच्या मोटरीमुळे दहा घरांची मुलं आजारी पडतात. नळाचं पाणी आधी संपात आपसूक पडू द्या, मोटर संपातून टाकीकडे लावा. कितीही उशीर लागला तरी. याबद्दल मला दुसरं मत मान्य नाही.

आता क्रमाने करायची कामं:

१. पाणी सुटल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं संपात पडू देऊ नका. संपाआधी एक तोटी आणि बंद करायचा वॉल्व असायलाच हवा, नसेल तर आधी तो बसवा. हे पाणी बादल्यांत धरून संडासात वापरा.

२. शेजारच्या चार घरांत विचारा. सगळ्यांकडे वास असेल तर दोष मोठ्या लाईनचा. फक्त तुमच्याकडे असेल तर तुमचं कनेक्शन. गल्लीच्या खालच्या टोकाकडेच असेल तर मधल्या कुठल्यातरी जागेपासून पुढे.

३. दोष तुमच्या कनेक्शनचा ठरला तर गटारातून गेलेला तुकडा दुरुस्त करत बसू नका, बदला. नवा पाईप गटाराच्या पाण्याच्या वरून, मोठ्या पाईपच्या आवरणातून न्या आणि गटाराच्या हद्दीत सांधा येऊ देऊ नका. रस्त्यावरच्या मुख्य लाईनीला हात लावायचा तर परवानगीशिवाय नको.

४. दोष मोठ्या लाईनचा असेल तर त्याच दिवशी तक्रार करा. शहरात महापालिकेकडे, निपाणी-खानापूरसारख्या गावांत नगरपालिका किंवा नगरपंचायतीकडे, खेड्यात ग्रामपंचायतीच्या पीडीओकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडे. पाणी सोडणाऱ्या वॉलमनला तोंडी सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. अर्जात तारीख, पाणी कधी सुटलं, वास किती मिनिटं राहिला, किती घरांत आहे आणि कुणी आजारी आहे का एवढंच लिहा. बाटली १ आणि २ सोबत न्या, चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, पोच मागा.

अर्ज मराठीत लिहिलात तरी वर दोन ओळी कन्नडमध्ये लिहिल्या तर टेबलावरून कागद पटकन पुढे सरकतो. फोनवर सांगायलाही उपयोगी पडतात. ‘नल्ली नीरु केट्ट वासने बरुत्तिदे’ म्हणजे नळाच्या पाण्याला घाण वास येतोय. ‘चरंडी नीरु सेरुत्तिदे’ म्हणजे गटाराचं पाणी मिसळतंय. ‘दयविट्टु बेगने परिशीलिसि’, कृपया लवकर तपासा. आजारी पोरासाठी भांडायचं असतं तेव्हा भाषेची अडचण मध्ये येऊ देऊ नये असं मला वाटतं.

सावधान: लाईन दुरुस्त व्हायच्या आधी संप आणि टाकी धुऊ नका. पुढच्या खेपेला तीच घाण परत आत येते आणि धुतलेलं पाणी फुकट जातं. तोवर टप्पा २ चालू ठेवा.

टप्पा ७: संप आणि टाकी धुणं

दिवस असा निवडा की दुसऱ्या दिवशी नळ यायचा आहे आणि संप-टाकी जवळपास रिकाम्या आहेत. स्वयंपाकापुरतं पाणी वेगळं भरून ठेवा. घरात गौरी-गणपतीचा पाहुणचार असेल तर निदान आठवडाभर आधी उरका.

आधी संप, मग टाकी, शेवटी पाईप. उलट केलं तर धुतलेल्या टाकीत संपाचा गाळ चढतो.

सावधान: मोटरचं बटण बंद करणं पुरेसं नाही, मेन स्विच काढा. संपाची सगळी झाकणं आदल्या दिवसापासून उघडी ठेवा आणि लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. शक्यतो आत उतरूच नका, लांब ब्रश आणि बादलीने वरून काम करा. उतरावंच लागलं तर एकट्याने कधीही नाही. कमरेला दोर, वर दोन माणसं, आणि आतल्या माणसाला चक्कर आली तर त्याला दोराने वर ओढायचं. वाचवायला मागोमाग उडी मारणारा माणूसही मरतो, अशा बातम्या दरवर्षी येतात. संपात डिझेलचा पंप कधीही उतरवू नका.

गाळ काढताना बघत जा. संपाच्या भिंतीवर ओला काळा ओघळ दिसतो का? संप गटारापासून किंवा शौचखड्ड्यापासून जवळ असेल तर पाणी भिंतीतून पाझरतं, आणि मग कितीही धुतलं तरी वास परत येणार. भिंतीला आतून जलरोधक गिलावा केल्याशिवाय तो संप वापरू नका. संपाचं तोंड अंगणाच्या फरशीच्या बरोबरीने असेल तर निदान वीतभर उंच कठडा बांधून घ्या, पावसाचं पाणी थेट आत जातं.

घासून, गाळ काढून, साध्या पाण्याने एकदा धुवा. मग द्रावण. १० लिटर पाण्याच्या बादलीला १० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घ्या. आधी वाटीभर पाण्यात पेस्ट करा, बादलीत मिसळा, दहा मिनिटं निवळू द्या आणि वरचं नितळ पाणीच वापरा. तळाचा चुना टाकून द्या. पावडर थेट टाकीत टाकण्यात हीच चूक असते: चुना तळाला बसतो, क्लोरीन एकाच जागी राहतं. हे नितळ द्रावण ब्रशने भिंती, तळ आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लावा, अर्धा तास ओलं राहू द्या, मग धुवा. आपल्याकडे पाण्याचा प्रत्येक हंडा मोलाचा असताना ही पद्धत सगळ्यात परवडते.

गटाराचं पाणी शिरलं असेल किंवा जनावर मेलं असेल तर मात्र एवढ्यावर भागत नाही. टाकी पूर्ण भरून दर १००० लिटरला २०० ग्रॅम पावडरीचं नितळ द्रावण मिसळा, ५०० लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम. मग घरातला एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि बंद करा, म्हणजे पाईपही भरतात. फिल्टर आणि गिझरची लाईन आधी बंद ठेवा. रात्रभर, निदान बारा तास, तसंच राहू द्या. सकाळी सोडून द्या, ते पाणी संडास-मोऱ्या धुवायला वापरा. झाडांना, गोठ्यात किंवा माशांच्या टाकीत नको.

सावधान: ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आणू नका, एकाच बादलीतही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरले, खोकला आला तर लगेच मोकळ्या हवेत या.

टाकी बंद करण्याआधी झाकण घट्ट बसतं का आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी आहे का ते बघा. पाली तिथूनच येतात. आतून प्रकाश दिसत असेल तर शेवाळ धरणार.

टप्पा ८: फक्त गरम पाण्याला वास

गिझरच्या टाकीत गंज रोखायला मॅग्नेशियमची कांडी असते. काही पाण्यात तिच्यामुळे सडक्या अंड्याचा वास वाढतो, विशेषतः गिझर महिनाभर बंद राहिल्यावर. तापमान ६० अंशांवर नेऊन काही तास ठेवा, मग सगळं गरम पाणी सोडून द्या. त्या दिवशी मुलांना नळाजवळ जाऊ देऊ नका, भाजतं. आठवड्यात वास परतला तर मिस्त्रीकडून कांडी तपासून घ्या. ॲल्युमिनियम-जस्ताची बसवली की बहुतेक वेळा वास जातो. कांडी काढूनच टाकू नका, टाकी आतून गंजते.

टप्पा ९: बोअर आणि आड

जुन्या बेळगावात घराघरांत आड आहेत आणि टंचाईत तेच धावून येतात. त्यांना वास आला तर आधी आजूबाजूला बघा: जवळ शौचखड्डा, फुटकं गटार, भांडी घासायची जागा. ते हलवल्याशिवाय औषध टाकण्यात अर्थ नाही.

औषधाचा हिशेब असा. आडाची रुंदी मीटरमध्ये मोजा, तिला तिनेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने, मग ०.७८५ ने. येतील तितके घनमीटर, आणि एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. दीड मीटर रुंद आडात चार मीटर पाणी असेल तर सुमारे ७००० लिटर. रोजच्या वापरासाठी दर १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे इथे सुमारे १८ ग्रॅम. द्रावण बादलीने खाली नेऊन वर-खाली हलवत मिसळा आणि तासभर पाणी काढू नका. आड नुकताच बिघडला असेल तर टाकीचंच प्रमाण धरा, दर १००० लिटरला २०० ग्रॅम, रात्रभर ठेवा आणि क्लोरीनचा वास जाईपर्यंत उपसा.

बोअरला सडक्या अंड्याचा वास असेल तर पाणी टाकीत उंचावरून, कारंज्यासारखं पडू द्या. हवा लागली की तो वायू बराचसा उडून जातो आणि लोहही तळाला बसतं. शेतातल्या बोअरवर फवारणीचा पंप भरताना पाईपचं टोक औषधाच्या पाण्यात बुडवू नका. वीज गेली की तेच पाणी उलटं बोअरमध्ये जातं. नॉन-रिटर्न वॉल्व बसवून घ्या.

टप्पा १०: परत पाच बाटल्या

दुरुस्ती झाली, टाकी भरली, की त्याच पाच जागांवरून पुन्हा नमुने घ्या. एका खेपेवर विश्वास ठेवू नका, पुढच्या दोन खेपांना बाटली १ आणि २ परत बघा. क्लोरोस्कोप असेल तर टाकीच्या नळाला ०.२ च्या वर क्लोरीनचा रंग दिसायला हवा. रस्त्याच्या नळाला क्लोरीन आणि टाकीच्या नळाला शून्य, म्हणजे टाकीत अजून घाण उरलेली असू शकते.

गटाराचा वास येऊन गेला असेल तर वास गेल्यावरही पाणी तपासून घ्या, कारण जंतूंना स्वतःचा वास नसतो. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली आधी मागून आणा, नळाचं तोंड पुसून दोन मिनिटं पाणी सोडा, आतल्या बाजूला बोट न लावता भरा आणि बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. अहवालात १०० मिलिलिटरला कॉलिफॉर्म शून्य हवेत. खेड्यात जलजीवन मिशनची, कर्नाटकात ‘मनेमनेगे गंगे’ नावाने आलेली, किट वापरायला शिकवलेल्या बायका असतात. त्यांच्याकडची जंतूंची कुपी पाणी भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाणी पिऊ नका.

या दिवसांत घरात कुणाला पातळ जुलाब झाले तर ओआरएस लगेच सुरू करा आणि दवाखान्यात नेताना पाण्याला वास आला होता हे आपणहून सांगा. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तरी तेच. टाकी धुतल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा, पुढच्या मे महिन्यात तीच आधी बघायची आहे.